फळीचं दुसरं टोक

"सांडलं," परवीन म्हणाली.

फळीच्या मधोमध ठेवलेला स्टीलचा पेला आडवा झाला होता. पाणी फळीवरून ओघळून तिच्या चपलांवर ठिबकत होतं. फळीचं एक टोक तिच्या हातात होतं, दुसरं गड्याच्या. गडी म्हणजे आमचा यंत्रमानव. चाकांच्या बैठकीवर बसवलेला एक लांब करडा हात, बाकी काही नाही. त्याला तोंड नव्हतं, डोळे नव्हते. तरी त्या दुपारी तो ओशाळून उभा आहे असं मला वाटलं. पण माझं काय, मला कोणीही ओशाळलेलंच दिसतं.

"पुन्हा घेऊन बघू?" मी विचारलं.

"किती वेळा, सर? सरळ जाताना सुतासारखा जातो. खांबाला वळसा घालायची वेळ आली की ढिम्म. मी पुढं, हा मागं. पेला पडणार नाही तर काय होईल?" तिनं फळी टेबलावर टेकवली आणि ओढणीनं हात पुसले. "आता तुम्ही धरा."

"मी कशाला?"

"धरा तर."

मी टोक धरलं. तिनं पेला काठोकाठ भरून मधोमध ठेवला. गडी निघाला, मी निघालो. जुन्या वर्कशॉपच्या त्या लांबलचक खोलीत मध्येच एक लोखंडी खांब होता. खांबापाशी फळी वळवायची म्हणजे बाहेरच्या बाजूला असेल त्याला लांबचा फेरा पडतो आणि ओझंही क्षणभर त्याच्याच मनगटावर येतं. बाहेरची बाजू गड्याची. खांब आला, फळी जराशी अडली, मग निघाली. आम्ही वळसा घालून भिंतीपर्यंत पोचलो. पाणी काठाशी तसंच होतं.

"बघितलंत?" परवीन म्हणाली. "वर्कशॉपवाल्यांचं सांडलं, लायब्ररीतल्या मॅडमचं सांडलं, माझं तर रोजच सांडतंय. तुमचं एकट्याचं नाही. काय जादू करता?"

जादू केल्याचा आरोप माझ्यावर आयुष्यात पहिल्यांदाच होत होता. मी नुसता हसलो.

ही पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. कोल्हापुरातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी शिकवत होतो आणि माझा मित्र जयसिंग घोरपडे याच्याबरोबर संशोधन करत होतो. माणसानं आणि यंत्रमानवानं एकमेकांच्या जोडीनं काम कसं करावं, हा आमचा विषय. आमचा म्हणायचं, पण विषय घोरपडेचा होता. मी वाचायचो, टिपणं काढायचो, त्याची वाक्यं सरळ करून द्यायचो. 'गडी' हे नावही त्याचंच. "गडी म्हंजे घरगडी न्हवं, पंडित," पाहुणे आले की तो मुद्दाम मला सांगायचा, "खेळातला गडी. आपल्या बाजूचा." मला तो पंडित म्हणायचा. माझं आडनाव सोवनी.

त्याची कल्पना साधी होती. दोन माणसं जिन्यावरून कपाट उतरवतात तेव्हा फारसं बोलत नाहीत. एकाच्या हाताचा दाब दुसऱ्याच्या हाताला कळतो. तो दाब यंत्राला शिकवायचा. त्यासाठी एक अख्खं वर्ष घोरपडे आणि मी ती फळी घेऊन खांबाभोवती फिरलो. त्याच्या टोकाला एक मूठ बसवली होती. त्याचा हात कधी रेटतो, कधी ओढतो, कधी सैल पडतो, ते सगळं ती मूठ टिपायची. वर्षाच्या शेवटी ते सगळं गड्याला दिलं आणि घोरपडेच्या जागी तो उभा राहिला.

त्याच उन्हाळ्यात घोरपडेनं आजाराचं सांगितलं. स्नायू हळूहळू झिजत जाणारा आजार, त्यावर औषध नाही. दिवाळीपर्यंत त्याचे दोन्ही हात मांडीवर नुसते पडून राहायला लागले. कॉलेजात येणं बंद झालं. म्हणजे त्याचा उजवा हात आता जगात एकाच ठिकाणी चालता होता, आमच्या त्या खोलीत.

आणि पेला सांडला त्याच्या पुढच्या आठवड्यात दिल्लीहून प्रकल्पाला पैसे देणारी समिती येणार होती. फळीचं दुसरं टोक समितीतलाच एखादा सभासद धरेल, अशी त्यांची अट होती. पाणी सांडलं तर प्रकल्प बंद, खोली रिकामी, आणि गडी पेटीत घालून दुसऱ्या संस्थेकडे रवाना. घोरपडेच्या हयातीत हे होऊ द्यायचं नाही, एवढं मी ठरवलं होतं. ठरवलेलं पार पाडण्याबद्दल माझी काही ख्याती नव्हती.

"सर, मी आकडे बघितले," परवीन म्हणाली. परवीन अत्तार आमची संशोधन सहायक. इचलकरंजीची, घरी यंत्रमाग, त्यामुळे यंत्राची भीड नाही आणि माणसाचीही नाही. "हा वळणावर हात सैल सोडतो आणि थांबतो. समोरच्याला झेपणारच नाही असं धरूनच चालतो. उद्या समोर पैलवान उभा केला तरी हा थांबणार. लहानपणी खेळात आपण एखाद्याला नाही का कच्चं लिंबू..." तिनं जीभ चावली. "म्हणजे तुम्हाला नाही हं, सर."

"मलाच," मी म्हणालो.

कारण हे मला नवीन नव्हतं. फळी घेऊन फिरत होतो त्या वर्षभर ती खांबापाशी अडायची आणि घोरपडे ओरडायचा, "पंडित, वळणावर पोथी सोडून बसलास काय?" मी म्हणायचो, "चुकलं." मग त्याच्याच सांगण्यावरून आम्ही एक निबंध लिहिला आणि तो छापूनही आला. अनुभवी जोडीदार कच्च्या जोडीदारासाठी वळणावर आपला हात सैल करतो, असा त्याचा निष्कर्ष. कच्चा जोडीदार कोण, हे निबंधात नव्हतं, पण विभागात शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं. मला त्याचं काही वाटलं नव्हतं. आमच्या गल्लीतल्या खेळात मी कायम कच्चं लिंबूच असायचो. बाद झालो तरी बाद धरत नसत.

त्यामुळे परवीनचं बोलणं मला लागलं नाही. उलट बरं वाटलं. घोरपडे मला सांभाळून घेत होता. आता तो खोलीत येत नव्हता, तरी त्याचा हात मला सांभाळून घेत होता.

"मग ते वळण तेवढं काढून टाक," मी म्हणालो.

"तेवढंच कसं निघेल, सर? कणीक मळल्यावर त्यातलं मीठ वेगळं काढता येतं का? सगळं पुसून नव्यानं शिकवावं लागेल. मी आणि वर्कशॉपमधलं कोणीतरी दिवसभर फिरत राहिलो तर समिती येईपर्यंत होईल कसंबसं." ती गड्याकडे पाहत होती. "पण मग घोरपडे सरांचा हात राहणार नाही त्यात. त्यांना विचारायला नको?"

"मी विचारतो," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी राजारामपुरीत त्याच्या घरी गेलो. तो पुढच्या खोलीत खुर्चीत बसला होता. ऊर्मिलावहिनी त्याला चमच्यानं नाचणीची आंबील भरवत होत्या. पातळ काही दिलं की त्याला ठसका लागायचा, म्हणून आंबीलही घट्ट.

"या भावजी. चहा टाकते एवढं झालं की."

"आलास?" घोरपडे म्हणाला. त्याचे शब्द आता जिभेवरून घसरायचे. एका दमात दोन-चारच निघायचे. "आज... कुठल्या पोथीतनं... उगवलास?"

"तुझ्याकडे एक काम होतं."

"माझ्याकडं? काम?" त्यानं मांडीवरच्या हातांकडे मान झुकवली. "ह्यांना विचार. मोकळेच हाईत."

वाटेत मी वाक्यं जुळवत आलो होतो. त्यातलं पहिलंच विसरलो, म्हणून दुसरं म्हणालो. "घोरपडे, मला तुझे आभार मानायचेत."

"का? मेलो व्हय मी?"

"अहो, शुभ बोला की," वहिनी म्हणाल्या.

"वर्षभर तू मला वळणावर सांभाळून घेत होतास," मी म्हणालो. "मला ते कळत होतं, पण इतकं असेल असं वाटलं नव्हतं. गड्यानं तेच उचललंय. माझ्याबरोबर पाणी सांडत नाही, बाकी सगळ्यांबरोबर सांडतं. कारण वळण आलं की तो थांबतो."

घोरपडेच्या चेहऱ्यावरचं हसू होतं तिथंच राहिलं, पण त्यामागचा माणूस कुठंतरी निघून गेला.

"थांबतो?"

"हो."

"हात... सैल पडतो? त्याचा?"

"अगदी तुझ्यासारखा."

वहिनींनी चमचा वाटीत ठेवला. घोरपडे त्यांच्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "सांग त्याला."

"मी नाही सांगणार. शपथ तुम्ही घातली होतीत."

"मोडली शपथ. सांग."

वहिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. त्या माझ्याकडे न बघता बोलल्या. "तुम्ही दोघांनी ती फळी हातात घेतलीत ना भावजी, त्याच्या आधीच मिरजेच्या डॉक्टरांनी ह्यांना हे दुखणं सांगितलं होतं. शर्टाची बटणं तेव्हापासून मीच लावत होते. कुलपात किल्ली फिरायची नाही. कुणाला कळू द्यायचं नाही म्हणाले. पोरांना नाही, माझ्या माहेरी नाही. तुम्हाला तर मुळीच नाही."

मला ते लगेच उमगलं नाही. छापलेलं असतं तर उमगलं असतं. मी म्हणालो, "मग वळणावर तू..."

"वळणावर ओझं... ह्या मनगटावर यायचं," घोरपडे म्हणाला. "मनगट दगा द्यायचं. मी थांबायचो. तू आपसूक... वजन घ्यायचास. मग मी पुढं."

"वजन मी घ्यायचो?"

"मग कोण? तुझा बाप?"

"आणि तू माझ्यावर ओरडायचास."

"ओरडलो नसतो तर... तू माझ्याकडं बघितलं असतंस." त्यानं दम घेतला. "दुसरा कोणबी असता... तर पहिल्या आठवड्यात म्हणाला असता, घोरपडे, हात कापतोय तुझा. तू म्हणालास, चुकलं. तू कायम... स्वतःलाच धरतोस. म्हणून तर... तुला घेतला फळीला."

"अहो!" वहिनी म्हणाल्या.

मी समोरच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहत होतो. त्यावर कुठल्याशा पतसंस्थेची जाहिरात होती, ती मी दोनदा वाचली. एखाद्यानं अशा वेळी उठून जावं किंवा काही तोडून बोलावं. मला दोन्ही सुचलं, पण कोणतं आधी करावं हे ठरेना.

"बोल की," घोरपडे म्हणाला. "शिवी दे एखादी."

"मला येत नाही."

"तेवढंबी... येत न्हाई." तो हसायला लागला आणि हसताहसता त्याला ठसका लागला. वहिनी त्याची पाठ चोळत राहिल्या. ठसका थांबला तेव्हा त्याचे डोळे वाहत होते. पुसायला हात नव्हता, म्हणून वहिनींनीच पदरानं पुसले.

"माझ्याकडं काय बघतोस," तो म्हणाला. "सांगितलं असतं तर... तू फळी धरली असतीस?"

"नाही."

"डॉक्टरकडं न्हेत बसला असतास. कॉलेजनं... दुसऱ्या कुणाचातरी हात घेतला असता. माझा हात... जायचाच होता. म्हटलं, जायच्या आधी... त्यात घालावा." त्यानं पुन्हा दम घेतला. "मला वाटलेलं, झाकलंय मी. चांगला हात तेवढा... जाईल त्यात. आन् ह्यानं नेमकं... दुखणंच उचललं."

मला त्याला सांगायचं होतं की सरळ चालताना गडी अजून अगदी त्याच्यासारखा चालतो, पहिल्या पावलाला थोडा रेटा देतो, जसा तो द्यायचा. पण मी आलो होतो ते वेगळं विचारायला, आणि ते विचारल्याशिवाय समितीपुढे काही होणार नव्हतं.

"परवीन म्हणते, सगळंच पुसावं लागेल," मी म्हणालो. "तुझी परवानगी असेल तर. नाहीतर समितीला सांगू की टोक मीच धरणार. काहीतरी कारण देऊ."

"तू... कारण देणार?" त्याला पुन्हा हसू येऊ लागलं, पण ते त्यानं आवरलं. "आधी मला दाव."

त्याच दिवशी दुपारी त्याला आणलं. वर्कशॉपला तीन उंच पायऱ्या होत्या. आम्ही चौघांनी त्याची खुर्ची उचलली, मागची उजवी बाजू माझ्याकडे होती.

"उजवीकडं कोण हाय?" घोरपडे विचारत होता. "ढिला धरतोय."

"मी आहे."

"वाटलंच," तो म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं असावं, कारण पुढच्या दोन पायऱ्या तो गप्प होता.

परवीननं त्याच्या खुर्चीसाठी भिंतीजवळची जागा मोकळी केली होती. तिथून खांब नीट दिसायचा. मी तिला सकाळचं सगळं सांगितलं होतं. तिनं फक्त "या अल्लाह" म्हटलं होतं आणि बराच वेळ यंत्राच्या वायरी उगाच सरळ करत बसली होती. आता तिनं पेला भरला.

"सुरू करू, सर?" तिनं मला नाही, त्याला विचारलं.

गडी निघाला, मी निघालो. यावेळी मी पहिल्यांदाच हातात काय कळतंय याकडे लक्ष देत होतो. पहिल्या पावलाला रेटा, मग सारखी चाल. खांब जवळ आला तसा फळीतून एक बारीक कंप आला. आला न आला इतकाच. मग त्या बाजूचं वजन हळूच खाली बसलं आणि माझे हात, मी न सांगता, ते वजन घ्यायला वर झाले. वर्षभर ते हेच करत होते. मी माझ्याच हातांकडे अनोळखी माणसाच्या हातांकडे पाहावं तसा पाहत राहिलो. गडी थांबला. दम खाल्ला म्हणावं इतकाच थांबला. मग निघाला.

"अगं बाई," वहिनी म्हणाल्या.

त्या दाराशी उभ्या होत्या. तोंडावर हात होता. "असंच. घरात जिना चढताना असंच करायचे. कठड्याला धरून थांबायचे आणि म्हणायचे, काय विसरलं बरं मी खाली? विसरलेलं काही नसायचं."

पाणी काठाशी होतं. आम्ही भिंतीपर्यंत पोचलो.

"परत," घोरपडे म्हणाला.

आम्ही परत फिरलो. तो आता गड्याकडे पाहत नव्हता, माझ्याकडे पाहत होता, माझ्या खांद्यांकडे. माझे खांदे त्या वळणाला वर होत असणार. मला ते दिसत नव्हतं.

"परत."

तिसऱ्यांदा खांबापाशी पोचलो, तिथंच त्यानं "बास" म्हटलं. मी फळी धरूनच उभा राहिलो. गडीही उभा राहिला. मध्ये पेला होता.

"पोरी," घोरपडे म्हणाला. "पूस."

"सर, एक प्रत बाजूला ठेवते," परवीन घाईघाईनं म्हणाली. "कुठं वापरायची नाही. नुसती आपली असू दे."

"कशाला? माझ्या श्राद्धाला... जेवायला बोलवायला?"

"सर..."

"समितीच्या माणसानं फळी धरली आन् सांडली... तर काय म्हणतील? घोरपडेचा हात... असला होता. माझा हात असला न्हवता. पंडिताला विचार." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "कसा होता रं?"

मला चांगलं उत्तर सुचत होतं, लांबलचक. मी म्हणालो, "धरला की सुटायचा नाही."

"ऐकलंस?" तो परवीनला म्हणाला. "आता पूस. प्रत न्हाई, काय न्हाई."

परवीननं माझ्याकडे पाहिलं. मी फळी टेबलावर टेकवली आणि पेला उचलून बाजूला ठेवला, म्हणजे काही करायला तरी मिळालं. तिनं पडद्यासमोर बसून काय काय केलं ते मी पाहिलं नाही. एवढंच दिसलं की थोड्या वेळानं गड्याचा हात, ज्या उंचीवर तो कायम थांबलेला असायचा तिथून, सावकाश खाली गेला आणि बैठकीपाशी मिटला. नवा आणला होता त्या दिवशी तो तसाच होता.

वहिनी खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी घोरपडेच्या मांडीवरचा उजवा हात उचलून डाव्यावर ठेवला, जसा रोज नीट ठेवत असतील तसा.

"निबंधाचं काय करायचं?" मी विचारलं. तेव्हा हे विचारायची काही गरज नव्हती. मी असंच काहीतरी विचारतो.

"त्यात तर... सगळं उलटं छापलंय." तो थोडा हसला. "मागं घे. कारण काय लिवशील?"

"लिहीन काहीतरी."

तो निबंध मी पुढे खरोखरच मागे घेतला. तो छापणाऱ्या नियतकालिकाला कारण एका ओळीत हवं होतं. मी लिहिलं, दोघांपैकी कच्चा जोडीदार कोणता हे ओळखण्यात चूक झाली. त्यांनी ते तसंच छापलं. पुढे मी याच विषयात निवृत्तीपर्यंत राहिलो. परिषदांत तरुण मुलं विचारत, यंत्राला जोडीदाराची अडचण कशी ओळखायला शिकवावी? मी त्यांना चार संदर्भ सांगायचो. ते चांगले संदर्भ होते.

समितीपर्यंतचे दिवस परवीन आणि वर्कशॉपमधले चौगुले सकाळपासून दिवेलागणीपर्यंत फळी घेऊन फिरले. मी पेला भरायचो. मला टोक धरू देत नव्हते. एकदा धरून पाहिलं तर वळणावर माझे खांदे वर झाले आणि पाणी सांडलं. परवीन फडकं घेऊन आली.

समितीतर्फे टोक धरलं ते एका उंच, ठणठणीत बाईंनी. चष्मा सावरत त्या म्हणाल्या, "मी घरात झाडूसुद्धा नीट धरत नाही हं." गडी त्यांच्याबरोबर खांबाला वळसा घालून गेला, परत आला, पुन्हा गेला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. प्रकल्प आणखी काही वर्षं चालेल असं तिथल्या तिथंच सांगितलं गेलं. परवीन रडायला लागली, आणि त्या बाईंना वाटलं आनंदानं रडतेय.

मी रिक्षा करून राजारामपुरीला गेलो. घोरपडे आता खाटेवर होता. त्या आठवड्यात त्याला बसवेनासं झालं होतं. वहिनी उशाशी होत्या. मला पाहून त्यांनी त्याच्या कानाशी वाकून सांगितलं, "भावजी आलेत."

त्यानं डोळे उघडले. "जमलं?"

"जमलं. पाणी हललंसुद्धा नाही."

"वळणावर?"

"थांबला नाही," मी म्हणालो.

त्यानं डोळे मिटले. मला वाटलं झोपला. वहिनींनी त्याच्या अंगावरची चादर छातीपर्यंत ओढली आणि पाणी आणायला आत जायला निघाल्या, तेवढ्यात तो बोलला. आवाज इतका खाली होता की मला वाकावं लागलं.

"सुटला म्हणायचा."

चैत्रात घोरपडे गेला. दहाव्यापर्यंत घरी माणसांची रीघ होती. येणारा प्रत्येक जण वहिनींपुढे बसायचा आणि तोच शब्द बोलायचा. सुटले बिचारे. वहिनी मान हलवायच्या. माझी पाळी आली तेव्हा त्यांनी माझ्याकडे वर पाहिलं. मला तो शब्द म्हणता आला नाही. मी तिथंच त्यांच्या शेजारी, सतरंजीच्या कडेला, बसून राहिलो.